गाडी उभी होती

“अपघात झाला तेव्हा गाडी कोण चालवत होतं, मॅडम?” विमा कंपनीच्या फोनवरच्या मुलीनं अनुजाला विचारलं. सोमवारची सकाळ होती. राजारामपुरीतल्या तिच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, ती स्वतःच्या गाडीसमोर उभी होती. शेजारचे लोक स्कूटर काढता काढता काचेकडे बघत होते, मग तिच्याकडे, आणि काही न विचारता जात होते. “कुणीच नाही,” ती म्हणाली. “गाडी उभी होती.” पलीकडे कळफलकावर बोटं वाजली. “मग काच कशी फुटली, मॅडम? झाड पडलं, दगड लागला, दुसऱ्या गाडीची धडक, का अज्ञात व्यक्तीनं नुकसान केलं?” मुलगी चारही कारणं एकाच सुरात वाचत होती. अज्ञात या शब्दाशी अनुजा थांबली. चौतीस वर्षांपूर्वी, ती बारा वर्षांची असताना, दवाखान्यातून आणलेलं एक लालभडक मूल, तिचा भाऊ, तिच्या मांडीवर ठेवलं होतं आणि त्यानं तिचा अंगठा घट्ट धरला होता. “मी विचार करून फोन करते,” ती म्हणाली. “जरूर, मॅडम. फक्त लवकर कळवा,” मुलगी म्हणाली.

समोरची काच फुटून खाली पडली नव्हती. ती जागच्या जागी तडकली होती. डाव्या बाजूला एक पांढरा खड्डा आणि तिथून सगळीकडे पसरलेल्या रेषा. बॉनेटवर दोन खोल पोचे, डावा आरसा वायरीला लोंबकळत होता. अशा गाडीतून ती काल संध्याकाळी शिरोळकडून कोल्हापूरला आली होती. उजवीकडे खाली ताटाएवढी जागा शाबूत होती. मान वाकडी करून, तेवढ्या जागेतून रस्ता बघत, तीसच्या वेगानं. पश्चिमेला तोंड करून यायचं, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट काचेवर येत होतं आणि प्रत्येक रेष पेटल्यासारखी दिसत होती. उसाच्या ट्रॉल्या पुढे आल्या की ती थांबायची, त्या वळेपर्यंत थांबून राहायची. मानेची शीर अजून दुखत होती. तिला नवल वाटत होतं ते एकाच गोष्टीचं: त्या दोन तासांत तिला राग आला नव्हता. ती फक्त एवढाच विचार करत होती, की इमारतीच्या वॉचमननं विचारलं तर काय सांगायचं. आणि हातकणंगल्याच्या पुढे कुठंतरी तिनं उत्तर तयारही केलं होतं. झाडाची फांदी पडली. उत्तर इतकं सहज आलं, की जणू ते आधीपासून तयारच होतं आणि तिनं फक्त हात घालून बाहेर काढलं.

काल वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. बाळासो गेल्याला वर्ष झालं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, दोन चुलतभाऊ सोप्यात सुपारी कातरत बसले होते. तिचा भाऊ ऋतुराज आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला आणि त्यातले कागद तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “आक्का, एवढ्या सह्या करून टाक. उद्या रजिस्टर हाफिसात तारीख घेतलीया.” हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा ती भावाच्या नावे सोडून देते असं. कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं बारीक फुल्या मारलेल्या होत्या. तिनं पहिल्या पानावर नजर टाकली. ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण विचारांती’ असं लिहिलं होतं. अनुजा दूध संघाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं नमुने तपासते. संकलन केंद्रावरून आलेली बाटली कितीही ओळखीच्या गावची असो, तपासल्याशिवाय तिनं कधी अहवालावर सही केली नाही. त्याचा काही मोठा अभिमान तिला नव्हता. हाताला लागलेली सवय होती ती. त्या सवयीनंच ती म्हणाली, “घरी घेऊन जातो. वाचतो निवांत, येत्या रविवारी आणून देतो.” माहेरी आली की ती अशीच बोलायची, येतो, जातो, करतो. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला, विजयसिंहला, त्याचं फार हसू यायचं.

“वाचतो म्हंजे?” ऋतुराज म्हणाला. “माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?”

“इस्वासाचं काय त्यात. माझ्या नावचा कागद हाय, वाचाय नको?”

“कुणी शिकवलं तुला हे? भावजींनी?”

चुलतभावांची सुपारी थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अनुजानं कागद पिशवीत घातले, पिशवी पर्समध्ये ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली. तिच्या मनात खरोखरच काही नव्हतं. तिनं सही केली असती. गावातल्या सगळ्याच बहिणी करतात. तिच्या दोन्ही आत्यांनी केली होती, आणि दिवाळीला साडी-चोळी घेऊन त्या हसतमुखानं परत जायच्या. तिलाही तेच करायचं होतं, फक्त वाचून. एक आठवडा. तांब्या तोंडाला लावला तेवढ्यात बाहेर आवाज झाला. काचेचा आवाज असा नसतो असं तिला वाटलं. जाड गोधडी काठीनं बडवावी तसा. मग पत्र्याचा, दोनदा. ती बाहेर आली तेव्हा ऋतुराज अंगणात उभा होता आणि त्याच्या हातात ट्रॅक्टरची चाकं खोलायचा लोखंडी दांडा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो काचेकडे बघत होता आणि त्याचा चेहरा घाबरलेला होता, जणू दुसऱ्याच कुणी येऊन फोडून गेलं होतं. “आत चल रे,” आई म्हणाली. ऋतुराजला म्हणाली. चुलतभाऊ उठून निघून गेले. अनुजानं किल्ली काढली, दार उघडलं, सीटवर उडालेले काचेचे कण ओढणीनं झाडले आणि गाडी सुरू केली. कुणी तिला अडवलं नाही, आणि जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही.

विजयसिंह काल शाळेच्या मुलांना घेऊन चित्रकलेच्या स्पर्धेला सांगलीला गेला होता. रात्री त्यानं गाडी पाहिली, सगळं ऐकलं. तो चांगला माणूस होता. त्याला भांडण सहन होत नसे. सकाळी चहा घेताना त्यानं विचार करून ठरवलेलं सांगितलं. “आपण आपल्या पैशानं काच बसवू. क्लेम केला की कारण लिहावं लागणार. खरं लिहिलं तर पोलिसांत जावं लागेल, खोटं लिहिलेलं तुला चालणार नाही. त्यापेक्षा आपण भरू. मिटलं.” मिटलं. तो पंचायतीत नाही, सावकारीत नाही, शाळेत रंग शिकवतो, आणि तरी हा शब्द त्याच्या तोंडून किती सफाईनं आला. डोळे मिटतात, छत्री मिटते, तंटा मिटतो. मिटलेली गोष्ट आत असतेच की. अनुजानं कप उचलले. त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं, आणि पैसे होते. खर्च कुणी करायचा हा प्रश्नच नव्हता, असं तिला कप धुताना हळूहळू उमगत गेलं. प्रश्न असा होता, की काल त्या अंगणात काही घडलं होतं का नव्हतं.

प्रयोगशाळेत रजा कळवून ती गाडी घेऊन उद्यमनगरात पिराजीच्या गॅरेजला गेली. पिराजीनं गाडीभोवती एक चक्कर मारली, पोच्यावर अंगठा फिरवला आणि हात पुसत म्हणाला, “दांडा हाय ह्यो, ताई.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तीस वर्सं ह्येच करतोय की. दगडाचा पोचा गोल पडतोय, धडकेचा रुंद. ह्यो माणसाच्या हातचा.” मग त्यानं आवाज खाली आणला. “तुम्ही काय काळजी करू नका. फांदी पडली म्हणून लिवू. सगळी तसंच लिवत्यात. सर्व्हेवाला यायच्या आत बॉनेटवर जरा साल घासून ठेवतो. काच, बॉनेट, आरसा, समदं कंपनीकडनं निघंल.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“काय खरं?”

“भावानं फोडली.”

पिराजी तिच्याकडे बघत राहिला. बाजूला कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज प्रत्येक ठोक्याला तिच्या दातांत उतरत होता. “सख्खा?” त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. “मग पैसं मिळत्याल असं मला वाटत न्हाय,” तो म्हणाला. “आधी पोलिसाचा कागद मागत्याल. मग घरचं भांडण हाय म्हणून हात वर करत्याल. क्लेम न केल्याचा बोनस जाईल त्यो येगळाच. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण असलं कोण लिवत न्हाय.”

ती गॅरेजच्या लाकडी बाकावर बसली. आईचा, शालूबाईंचा, फोन आला. तिला फोन लावता येत नसे. शेजारची पोरगी लावून देत असे, म्हणजे ती पोरगी जवळच उभी असणार. “अनू, त्यो जेवला न्हाय कालपास्नं,” आई म्हणाली. “रडतोय. म्हणतोय, बिल किती व्हईल त्ये पाठव म्हणावं, दुप्पट देतो. तू कुणाला काय सांगितलं न्हाईस न्हवं?” अनुजानं विचारलं, “आई, मी जेवलो का ते विचारलंस का?” मग आई म्हणाली, “तू शानी हाईस.” शहाणी. हा शब्द ऐकताच तिला एकदम आपल्या गालाची आठवण झाली. आपल्या गालाची अशी आठवण होते का माणसाला? पण झाली. ती अठरा वर्षांची होती, ऋतुराज सहा. औषध फवारायचा नवा पंप त्यानं विहिरीत टाकला होता, पडताना बुडबुडे कसे येतात ते बघायला. बाळासोंनी दोघांना पुढं उभं केलं आणि विचारलं, कुणी टाकला. ऋतुराजनं फक्त तिच्याकडे पाहिलं. आणि ती म्हणाली, माझ्या हातून पडला. गालावर बसलेली चपराक एवढी मोठी नव्हती. पण नंतर आईनं तिला परड्यात बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, शानी हाईस. म्हणजे आईला माहीत होतं. पंप कुणी टाकला हे बहुधा बाळासोंनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच न बोलता पार पडावी, यासाठी घरात एका माणसाची नेमणूक असते, आणि ती नेमणूक तिची होती. त्यानंतर ऋतुराजनं कॉलेज अर्धवट सोडलं, उसाच्या पैशातून घेतलेली मोटरसायकल आपटली, लग्नात हट्ट केला. प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्याकडे बघायचं आणि ती पुढं होऊन काहीतरी बोलायची. तिनं त्याला वाढवलं असं सगळे म्हणत. आता त्या बाकावर बसून तिला वाटलं, वाढवलं खरं, पण त्याला कधी स्वतःच्या तोंडानं एक वाक्य पुरं करू दिलं नाही.

आणि काच आपल्या पैशानं बसवली तर? आठवड्यात नवी काच येईल, स्वच्छ, तिच्यातून सगळं नीट दिसेल. पुढच्या रविवारी ती माहेरी जाईल. आई चहा देईल. ऋतुराज मान खाली घालून बसेल, मग हळूच पिशवीतल्या कागदांचं विचारेल, आणि ती सही करेल. त्या सहीच्या वर लिहिलेलं असेल, कोणाच्याही दबावाखाली न येता. तिला एकदम स्पष्ट दिसलं, की काच गुपचूप बसवणं ही त्या सहीचीच सुरुवात आहे. फांदी पडली असं लिहिणंही तेच. फक्त पैसे दुसऱ्याचे. राग आला नाही, आताही नाही. पाय जमिनीला लागल्याची जाणीव झाली.

“पिराजी, फॉर्म द्या,” ती म्हणाली. “मी लिहिते.”

“फांदीच न्हवं?”

“नाही. जे झालं ते.”

“पैसं मिळायचं न्हाईत, ताई. सांगून ठेवतो.”

“माहीत आहे. नाही मिळाले तर मी भरते. पण आधी त्यांना वाचून नाही म्हणू देत.”

नुकसानीचं कारण या रकान्यात दोनच ओळी होत्या. तिनं प्रयोगशाळेच्या अहवालात लिहायची तसं छोट्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: ‘गाडी माहेरच्या अंगणात उभी होती. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचायला मी वेळ मागितला, म्हणून माझा भाऊ ऋतुराज याने लोखंडी दांड्याने काच, बॉनेट व आरसा फोडला.’ शेवटचे शब्द रकान्याबाहेर गेले. पिराजीनं कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला आणि त्यावर गॅरेजचा शिक्का मारला.

संध्याकाळी तिनं विजयसिंहला सांगितलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. “तुला पुन्हा तिथं जाता येईल का?” त्यानं विचारलं. “उद्या जातेय,” ती म्हणाली. “तक्रार तिथंच द्यावी लागणार.” मग तिनं ऋतुराजला फोन लावला, कारण त्याला पोलिसाकडून कळावं असं तिला नको होतं. “मी लिहिलंय,” ती म्हणाली. “तुझं नाव घालून लिहिलंय. उद्या अकराला ठाण्यात येतो मी. तू पण ये.” तो आधी ओरडला, मग म्हणाला, “दुप्पट देतो म्हटलं की आक्का, आणि काय पायजे तुला?” तिनं विचार केला. काय पाहिजे हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तेही अशा रीतीनं. “ये फक्त,” ती म्हणाली.

मंगळवारी विजयसिंहनं तिला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं. “मी येऊ?” त्यानं विचारलं. ती नको म्हणाली. त्यानं जबरदस्ती केली नाही, पण गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा राहिला. ठाण्यातले हवालदार वयस्क होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. “भैन-भाऊ हाय, आपसात मिटवा की बाई.” “तक्रार नोंदवून घ्या,” ती म्हणाली. “नंतर काय करायचं ते बघू.” ऋतुराज साडेअकराला आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाढी मात्र केली नव्हती. तो तिच्या शेजारी बाकावर बसला, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. हवालदारांनी पेन उचललं आणि विचारलं, “गाडी कुणी फोडली?”

ऋतुराजनं मान वळवली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे होऊ लागले होते त्याचे, पण नजर तीच. अनुजाच्या जिभेवर वाक्य आलं. एक नाही, चार-पाच आली, सगळी तयार, सगळी त्याला वाचवणारी. तिचे ओठ उघडलेही. मग तिनं ते मिटले आणि त्याच्याकडे बघत राहिली. नजर वळवली नाही, रागावूनही बघितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाहेर एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत कुणी हललं नाही.

“मी,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, “ती कागद वाचतो म्हणाली, म्हणून.”

हवालदारांनी ते लिहून घेतलं.

कंपनीचं उत्तर पुढे तीन आठवड्यांनी आलं. पिराजी म्हणाला होता तसंच होतं; घरगुती वादातून झालेलं नुकसान असल्यानं दावा मान्य करता येत नाही. त्या पत्रात तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. कोल्हापुरात बसलेल्या, तिला न ओळखणाऱ्या कुणीतरी ते टाइप केलं होतं. अनुजानं ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं, आणि नवी काच, बॉनेट, आरसा यांचे पैसे आपल्या पगारातून दिले. ऋतुराजनं पाठवलेले तिनं परत केले. हक्कसोडपत्रावर सही केली नाही. तलाठ्याकडे वारसांत नाव लावायचा अर्ज दिला. पण हे सगळं नंतरचं.

त्या मंगळवारी ठाण्यातून बाहेर पडल्यावर ऋतुराज मोटरसायकलपाशी उभा होता. “स्टँडवर सोडू?” त्यानं खाली बघत विचारलं. “नको,” ती म्हणाली. “घरी जातो. आईला बघतो.” आणि भर दुपारी ती मधल्या गल्लीतून चालत निघाली. कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, “कवा आलीस गं? गाडी न्हाय आणली?” “काच फुटलीया,” ती म्हणाली. “ऋतूनं फोडली.” म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. ती पुढे गेली. इतकं सोपं होतं ते.

आई चुलीपुढे नव्हती, सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. अनुजा पाय धुऊन आली आणि तिच्यासमोर खाली बसली. मग आई उठली, भाकरी-आमटीचं ताट आणून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “जेव.” अनुजा जेवली. पहिल्या घासालाच तिला कळलं की परवापासून आपल्यालाही भूक लागली नव्हती. “तुझ्या बापानं असलं कधी खपवून घेतलं नसतं,” आई म्हणाली. “सही केली असतीस तर काय झालं असतं? मी न्हाय केली?”

अनुजाचा हात ताटात थांबला. “तू कशावर सही केलीस?”

“मागल्या महिन्यात. रजिस्टर हाफिसात नेलतं की त्यानं. मोटार करून नेलं, येताना वाडीला दत्ताचं दर्शन पण केलं.” आईचा आवाज किंचित कोवळा झाला. “चार ठिकाणी केली. साहेब म्हणला, आज्जी, अक्षर झ्याक हाय तुमचं.”

“काय लिहिलंय त्यात?”

“मला कुठं वाचाय येतंय? सही तेवढी तुझ्या बापानं शिकवलेली.”

“त्यानं सांगितलं न्हाय?”

“मी इचारलं न्हाय.” शालूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेर मोटरसायकल येऊन थांबली, पण कुणी आत आलं नाही. अनुजानं हात धुतले, ओढणीला पुसले. “कागद कुठं हाय?” तिनं विचारलं. आई काही वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आतल्या खोलीत गेली, ट्रंकेची कडी वाजली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळ्या रंगाचं पाकीट होतं. ते तिनं अनुजाला दिलं आणि यावेळी समोर नाही, शेजारी येऊन बसली.

“सावकाश वाच,” ती म्हणाली.

अनुजानं कागद मांडीवर सरळ केला, उजेडाकडे जरा तिरका धरला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “लिहून देणार, शालूबाई बाळासो...” आपलं नाव ऐकून आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती कान देऊन ऐकू लागली.